बाटलीतली स्वच्छता

इंजिन आतून लख्ख करून देणाऱ्या बाटल्या हल्ली शिरूर काय, दौंड काय, स्पेअर पार्टच्या दुकानात समोरच मांडलेल्या दिसतात. एक पेट्रोलच्या टाकीत ओतायची, एक इंजिन ऑइलमध्ये घालायची, आणि तिसरी ऑइल बदलण्याआधी 'फ्लश' म्हणून वापरायची. तीनशे-चारशे रुपयांची बाटली, वर चकचकीत पिस्टनचं चित्र. गाडीवाला भुलला तर नवल नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. जो वेळच्या वेळी ऑइल बदलतो त्याला यातल्या बहुतेक बाटल्यांची गरज नाही; आणि जो बदलत नाही त्याला बाटली वाचवू शकत नाही.

मुळात आपण ज्याला ऑइल म्हणतो ते नुसतं तेल नसतंच. त्यात साधारण १० ते २० टक्के भाग कंपनीनेच घातलेल्या रसायनांचा असतो. डिटर्जंट म्हणजे इंजिनाचा साबण; तो कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या संयुगांचा असतो आणि ज्वलनातून तयार होणारं आम्लही मारतो. डिस्पर्संट काजळीचे कण सुटे ठेवतो, त्यांचा गोळा होऊ देत नाही. जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घासणाऱ्या भागांवर पातळ थर धरतं. ऑइल काळं पडलं की लोक घाबरतात. वास्तविक त्याने मळ स्वतःकडे ओढून घेतला म्हणून ते काळं झालं. कपड्यांच्या बादलीतलं पाणी गढूळ झालं म्हणजे मळ निघतोय, तसंच हे. प्रश्न पुढचा आहे. त्या गढूळ पाण्यात आणखी साबण घालत राहायचं, की पाणी ओतून देऊन नवं घ्यायचं?

माझा एक जुना विद्यार्थी न्हावऱ्याच्या बाजूला पिकअप चालवतो. कांदा, तरकारी, मिळेल ते भाडं. ऑइल बदलायचं म्हणजे खर्च आहेच, शिवाय अर्धा दिवस गाडी उभी. म्हणून तो ते काम पुढे ढकलायचा आणि मधून मधून बाटली ओतायचा. "सर, बाटली कधी चुकवली नाही हो," असं मला नंतर सांगत होता. शेवटी एका गॅरेजवाल्याने फ्लश घातला. वर्षानुवर्षांचा डांबरासारखा गाळ एकदम सुटला आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत जाऊन बसला. चौफुल्याच्या रस्त्यावर ऑइलचा लाल दिवा लागला, त्याने तशीच गाडी पुढे रेटली, आणि इंजिन जाम झालं. हप्ते अजून फिटायचे होते. गाडी दीड महिना उभी, आणि मुलीच्या कॉलेजची फी उसनवारीवर भरली. ज्याच्या घरी चार गाड्या आहेत त्याच्यासाठी बाटली ही हौस असेल. याच्यासाठी ती पोटाची गोष्ट होती.

दौंडकरांना हे रेल्वेवरून लगेच पटेल. कोळशाच्या इंजिनांच्या काळात बॉयलरमध्ये क्षारांचा थर बसू नये म्हणून पाण्यात सोडा वगैरे रसायनं घालत. पण म्हणून ठरलेल्या दिवशी बॉयलर रिकामा करून धुणं कोणी सोडलं नाही. औषध होतं, ते धुण्याच्या जोडीला.

सगळ्याच बाटल्या भोंदू आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. पेट्रोलमध्ये घालायच्या काही द्रावणांत पॉलिइथरअमाइन नावाचं रसायन असतं. ते इंजेक्टरच्या तोंडावरचा थर खरोखर काढतं. पण त्यालाही मर्यादा आहे. काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ते इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. मग टाकीतलं औषध त्या व्हॉल्व्हवरची काजळी कशी काढणार? म्हणजे आपलं इंजिन कोणतं आणि मळ कुठे आहे, हे कळल्याशिवाय बाटली घेणं म्हणजे दुखणं न सांगता गोळी मागणं.

दाव्यांवर तर जरा जपूनच विश्वास ठेवावा. अमेरिकेत ऑइलमध्ये घालायचं 'स्लिक ५०' हे द्रावण फार खपत असे. इंजिनाची झीज कमी होते या त्याच्या जाहिराती खोट्या आणि निराधार आहेत, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये ठेवला. १९९७ मध्ये तडजोड होऊन कंपनीला असे दावे आवरावे लागले.

त्याहून मोठा धडा शिशाचा आहे. पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड घातलं की इंजिनाचं 'नॉकिंग' थांबतं, हे १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी अमेरिकेत शोधलं. पण शिशाचा थर आत बसू लागला, म्हणून तो काढायला ब्रोमिनचं दुसरं रसायन घालावं लागलं. इंजिन स्वच्छ राहिलं. शिसं मात्र धुरातून बाहेर पडून मुलांच्या रक्तात गेलं. भारतात असं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. एक मिश्रण निस्तरायला दुसरं मिश्रण, हे तेव्हापासून चालत आलंय.

आता नवं निमित्त इथेनॉलचं. २०२५ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल हेच पंपावरचं नेहमीचं पेट्रोल झालं आहे. आपल्याला त्याचं कौतुकही वाटतं. भीमेकाठचा, घोडकाठचा ऊस कारखान्यात जातो, आणि अशाच उसाच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल होऊन ते आपल्या टाकीत येतं. (मका आणि तांदूळही त्यात असतात.) पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्क्यांचा हिशोब केला तर निव्वळ पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते. ती कुठलीही बाटली परत आणू शकत नाही, की जुन्या गाडीतला रबरी पाइप नवा करू शकत नाही. जुन्या गाडीवाल्यांनी पाइप आणि सील तपासून घ्यावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, कारण इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

बाकी उपाय साधे आहेत, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नसावी. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढा. त्यात ऑइल कोणतं आणि किती किलोमीटरला बदलायचं ते लिहिलेलं असतं. धुळीच्या रस्त्यांसाठी ते अंतर कमी सांगितलेलं असतं. ऊसतोडणीच्या दिवसांत शिरूर-चौफुला रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या मागे चालणारी आपली गाडी त्या कमी अंतराच्याच रांगेत बसते. एअर फिल्टर काढून बघा, मग कळेल. आणि बाटलीचे तीनशे रुपये बाजूला टाकत जा. दोन-चार बाटल्यांत ऑइलचा डबा येतो.

पटलं तर बघा.