तमाशा म्हणून हिणवलेली स्पर्धा

गोल्फचा आणि माझा संबंध म्हणाल तर शून्य. रॉबर्ट बर्न्सच्या ‘टॅम ओ’शँटर’ या कवितेविषयी वाचताना त्याच नावाचा शिकागोजवळचा एक गोल्फ क्लब सारखा आडवा येऊ लागला, आणि मग कविता राहिली बाजूला! त्या क्लबात १९४१ पासून ‘ऑल अमेरिकन ओपन’ आणि १९४६ पासून ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ गोल्फ’ अशा स्पर्धा भरत. १९५७ नंतर त्या बंद पडल्या. आज गोल्फवाल्यांतही फार कुणाला त्या आठवत असतील असं वाटत नाही.

क्लबचा मालक जॉर्ज एस. मे. कंपन्यांना कारभार कसा सुधारावा याचा सल्ला देणं हा त्याचा धंदा. भडक शर्ट घालून मिरवणारा माणूस. त्यानं तिकिटं स्वस्त ठेवली, प्रेक्षकांना बसायला स्टँड बांधले, आणि खेळाडू ओळखता यावेत म्हणून त्यांच्या पाठीवर नंबर लावायला सांगितले. आम्ही काय शर्यतीचे घोडे आहोत का, असं खेळाडूंना वाटलं असेल तर नवल नाही. जुन्या वळणाच्या मंडळींनी नाकं मुरडली: हा खेळ नव्हे, सर्कस आहे.

पण बक्षिसं बघा. १९५३ साली यूएस ओपन जिंकणाऱ्याला ५,००० डॉलर मिळाले. मेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस होतं २५,०००. त्याच वर्षी ही स्पर्धा अमेरिकाभर टीव्हीवर थेट दिसली, आणि शेवटच्या होलवर लू वॉर्शमनं शंभराहून जास्त यार्डांवरून मारलेला चेंडू सरळ भोकात गेला. चँडलर हार्पर जिंकलाच असं सगळे धरून चालले होते, तो एका फटक्यानं हरला. पुढच्या वर्षी मेनं बक्षीस ५०,००० केलं. बायकांच्या स्पर्धाही तो तिथेच भरवायचा. बेब झहारियस १९४८ पासून सलग चार वर्षं जिंकली.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. तेव्हा पीजीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना, फक्त गोऱ्यांना सभासद करून घ्यायची. १९३४ पासून तसं घटनेतच लिहिलेलं होतं. १९४८ मध्ये बिल स्पिलर आणि टेड रोड्स हे काळे खेळाडू लॉस एंजेलिस ओपनमध्ये पहिल्या साठांत आले. म्हणजे पुढच्या रिचमंडच्या स्पर्धेत त्यांना आपोआप जागा. तिथे त्यांना सांगितलं, तुम्ही सभासद नाही, निघा. त्यांनी कोर्टात दावा लावला. यापुढे भेदभाव करणार नाही असं आश्वासन मिळालं, म्हणून दावा मागे घेतला. मग काय झालं? ‘खुल्या’ स्पर्धा ‘निमंत्रितांच्या’ झाल्या, आणि निमंत्रण काही त्यांना आलं नाही. किती सभ्य युक्ती, नाही का! मेच्या मैदानावर मात्र काळे खेळाडू १९४२ पासून खेळत होते. असं दार उघडं ठेवणाऱ्या मोठ्या स्पर्धा तेव्हा अगदी मोजक्या होत्या.

आपल्या मंडळात ‘बाजारू’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. गर्दी आली, पैसा आला, की दर्जा गेलाच असं समजतो. इथे तर अभिरुची सांभाळणारेच दाराला कडी लावून बसले होते, आणि तिकिटं खपवणाऱ्यानं ती काढली.

तरी मेला संत करायची माझी तयारी नाही. त्याला गाजावाजा हवा होता, आणि काळ्या खेळाडूंना तिथे जे मिळालं ते एका श्रीमंत माणसाच्या मर्जीवर मिळालं. पीजीएशी त्याचं बिनसलं आणि १९५८ मध्ये त्यानं स्पर्धाच गुंडाळली. त्याच्याबरोबर ते दारही गेलं. पीजीएच्या घटनेतलं ते कलम निघालं १९६१ मध्ये, तेही कॅलिफोर्नियाचे अ‍ॅटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांनी चार्ली सिफर्डची बाजू घेऊन संघटनेला कायद्याच्या कात्रीत पकडल्यावर. सिफर्डनं पुढे १९६७ साली हार्टफर्डची स्पर्धा जिंकली, तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. रोड्सच्या उमेदीची वर्षं तोवर संपून गेली होती.

नाइल्स गावात त्या मैदानाचे आता नऊच होल उरलेत. सार्वजनिक आहे म्हणे, कुणीही पैसे भरून खेळावं.