समच्छेद आणि बोरघाट
दर 37 फुटांमागे 1 फूट इतक्या तीव्र चढामुळे कर्जत-लोणावळा या सुमारे 28 किलोमीटरच्या लोहमार्गावर, म्हणजे 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटात, आगगाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. एका दिशेला ताशी सरासरी वेग क्ष आणि परतीला क्ष + 10 किलोमीटर मानला, तर जाण्यायेण्याचा वेळ 28/क्ष + 28/(क्ष + 10) तास होतो. मात्र छेद, म्हणजे रेघेखालच्या राशी, निराळे असल्याने अंश थेट मिळवता येत नाहीत, आणि छेदांचीही बेरीज करून मोकळा होणारा विद्यार्थी तर मावळातच काय, कुठल्याही वर्गात भेटतो. क्ष(क्ष + 10) हा दोहोंचा लसावि, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, छेदस्थानी घेऊन प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणले (भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त समच्छेदाची हीच रीत आहे), की बेरीज 56(क्ष + 5)/[क्ष(क्ष + 10)] येते. एकूण 56 किलोमीटरला या वेळेने भागले असता सरासरी वेग (क्ष + 5) − 25/(क्ष + 5) असा निघतो; क्ष 30 असल्यास तो 35 नव्हे, 34.3 च्या आसपास भरतो, कारण गाडी कमी वेगानेच अधिक काळ धावलेली असते.