सर्वाधिक वाजलेले कलावंत कोण? खान्देशच्या कानांची मोजदाद

जळगाव, प्रतिनिधी

वर्ष संपत आले की नभोवाणी वाहिन्यांना आणि गाणी ऐकविणाऱ्या संकेतस्थळांना याद्यांचे वेध लागतात. वर्षभरात कोणाचा आवाज सर्वाधिक वाजला, याची उतरंड जाहीर होते आणि देशपातळीवरील पहिल्या नावाबाबत फारसे कुतूहल उरलेले नसते. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले. तेव्हापासून २०२४ पर्यंत सलग सहा वर्षे त्याच्या भारतीय यादीत अरिजित सिंह अग्रस्थानी राहिला. या गुणी गायकाच्या यशाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र अशा याद्यांतून जळगाव-धुळ्याच्या श्रोत्याची आवड कितपत उमटते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. या प्रश्नामागे केवळ अस्मिता नाही; कलावंतांच्या मिळकतीचा व्यवहारही आहे.

वार्षिक यादीची प्रथा आपल्याकडे रुजविली ती रेडिओ सिलोनच्या ‘बिनाका गीतमाले’ने. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे निवेदक अमीन सयानी यांचे फेब्रुवारी २०२४ मध्ये निधन झाले. ध्वनिमुद्रिकांची दुकानांतील विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे यांच्या आधारे तेथे गाण्यांचा क्रम लागत असे. त्या पद्धतीतही दोष होते. तरीही तेथे मोजली जात होती ती श्रोत्याची मागणी. आजच्या ‘सर्वाधिक वाजलेल्या’ यादीत मोजले जाते ते वाहिनीने काय वाजविले. हा फरक मूलभूत आहे.

सुरक्षित गाण्यांचे गणित

जळगावात आकाशवाणीचे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. लोकगीते, शेतीविषयक कार्यक्रम आणि स्थानिक कलावंतांचे ध्वनिमुद्रण ही या केंद्राची ओळख राहिली. २००५ च्या धोरणानंतर खासगी एफएम वाहिन्या महानगरांबाहेर पडल्या आणि जळगावसारख्या शहरांत पोहोचल्या. या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. साहजिकच संगीत हाच त्यांचा मुख्य माल ठरतो. जाहिरातीचे उत्पन्न श्रोता टिकण्यावर अवलंबून असल्याने परिचित हिंदी चित्रपटगीते पुनःपुन्हा वाजविणे हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग असतो. गाणे वाजते म्हणून ओळखीचे होते आणि ओळखीचे झाले म्हणून पुन्हा वाजते. वर्षअखेरीस हेच चक्र ‘लोकप्रियता’ या नावाने जाहीर होते.

प्रत्यक्षात खान्देशचा कान निराळा आहे. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नोंदीखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची गणना झाली. त्यात अहिराणीचा वाटा सर्वांत मोठा आहे. आखाजीची गाणी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या कानबाईची गाणी, लग्नातील हळदीची गाणी असा मोठा मौखिक ठेवा या भाषेकडे आहे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची लेवा बोलीतील गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढे चित्रपटांतूनही गाजली. बोलीतले गाणे लोकांना रुचत नाही, हा युक्तिवाद तेव्हाच निकाली निघाला होता.

अलीकडचा दाखला अधिक बोलका आहे. विनोद कुमावत यांच्या ‘हाई झुमकावाली पोर’ या गाण्याने यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळविले. बड्या चित्रसंस्थेचे पाठबळ नसताना ते लग्नाच्या वरातींत आणि गणेशोत्सवाच्या मंडपांत महाराष्ट्रभर वाजले. सचिन कुमावत यांच्या खान्देशी गाण्यांनाही असाच मोठा प्रेक्षक लाभला. म्हणजे मागणी आहे आणि निर्मितीही आहे. प्रश्न आहे तो नोंदीचा.

नोंद नाही, तर मोबदला नाही

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजल्यास रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा गीतकार-संगीतकारांचा हक्क तीत मान्य झाला आणि तो सोडून देता येणार नाही, अशीही तरतूद झाली. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफएम वाहिन्यांशी संबंधित दाव्यात अंतरिम आदेश देताना गीतकार-संगीतकारांच्या या हक्काच्या बाजूने कौल दिला. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ करते.

मात्र हे वाटप होते ते वाजलेल्या गाण्यांच्या नोंदीवरून. गीतकार संस्थेचा सभासद नसेल, गाणे तिच्या दप्तरी नसेल किंवा वाहिनीच्या तक्त्यात ते आलेच नसेल, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो. वरातीतील डीजेवर शेकडो वेळा वाजलेले अहिराणी गाणे कोणत्याही तक्त्यात चढत नाही. परिणामी यादीत मागे पडणारा कलावंत मिळकतीतही मागे पडतो. यूट्यूबवरील जाहिरातींचे उत्पन्नही वाहिनी ज्याच्या नावावर त्याच्याकडे जाते. शब्द लिहिणाऱ्याच्या पदरी काय पडते, हे आपसातील करारावर ठरते. आणि करार लेखी नसेल, तर केवळ मर्जीवर.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल, असे कारण त्या वेळी सांगण्यात आले. परंतु वाहिनी लहान शहरात आली म्हणजे तिचे संगीत आपोआप स्थानिक होत नाही, हे खान्देशच्या अनुभवावरून दिसते.

उपाय अवघड नाहीत. वाहिन्यांनी वार्षिक यादी शहरनिहाय जाहीर करावी, गायकासोबत गीतकार व संगीतकार यांचीही नावे द्यावीत आणि बोलीतील गाण्यांसाठी दिवसातील ठरावीक वेळ राखावा. आकाशवाणीने आपल्या संग्रहातील लोककलावंतांची ध्वनिमुद्रणे नावानिशी नियमित ऐकवावीत. कलावंतांनीही गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी लेखी करार आणि नोंदणी यांकडे लक्ष द्यावे. तसे झाले, तर वर्षअखेरीची यादी केवळ करमणुकीची बातमी न राहता खान्देशातील गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या श्रमाचा हिशेब ठरेल. तोवर, सर्वाधिक वाजलेला कलावंत कोण, या प्रश्नाचे येथील उत्तर अर्धेच राहणार आहे.