मोटार जळते की जाळली जाते?

कर्जत व खालापूर या तालुक्यांना पाणी आणि वीज यांचे नाते नवे नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. भिवपुरीच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याने कर्जतच्या शेतांत उन्हाळी भात पिकत आले आहे. आता भातशेती व भाजीपाल्याच्या मळ्यांशेजारी फार्महाऊसे आणि पोहण्याचे तलावही झाले आहेत. त्यांच्या पंपांची देखभाल पुष्कळदा गावातील तरुणांकडे असते. पंप मळ्यावरचा असो वा तलावावरचा, त्याची दुखणी बरीचशी सारखीच असतात.

पंप बंद पडला की ‘मोटार जळाली’ असे म्हणून ती वायंडिंगसाठी पाठविण्याची घाई होते. नवी तार भरली जाते, पैसे खर्च होतात; परंतु जळण्याचे मूळ कारण तसेच राहते आणि तीच मोटार पुन्हा जळते. म्हणून कारण सापडल्यावाचून वायंडिंग करू नये, हा नियम प्रत्येकाने पाळला पाहिजे.

मोटार सहसा एकाएकी जळत नाही. तलावाच्या पंपाची जाळी पानांनी भरली, किंवा विहिरीवरील पंपाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, तर पंप कोरडा चालू लागतो. कोरड्या पंपाचे सील घासून निकामी होते. तेथून झिरपणारे पाणी बेअरिंगपर्यंत पोचते. बेअरिंग गंजून आवाज करते, पुढे अडकते, आणि शेवटी वायंडिंग जळते. ज्याने वेळीच जाळी साफ केली, त्याने मोटारच वाचविली.

दुसरे कारण विजेच्या पुरवठ्यात असते. दाब उतरला की मोटार अधिक प्रवाह ओढते. प्रवाह दीडपट झाला तर वायंडिंगमधील उष्णता सव्वादोनपट होते. तीन फेजपैकी एक गेला तरी चालू असलेली मोटार घुमत राहते व लवकरच जळते. अशा वेळी स्टार्टर पडतो, तो मोटारीच्या रक्षणासाठीच. तो वारंवार पडतो म्हणून बांधून ठेवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे राखणदाराचे तोंड बांधण्यासारखे आहे. सिंगल फेज मोटार नुसती घुमते व फिरत नाही, तेव्हा कॅपॅसिटर बिघडल्याचा संशय घ्यावा. मात्र वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार राहतो, म्हणून त्यास हात लावू नये.

या भागातील मुसळधार पावसात मोटारीस प्लास्टिक गुंडाळण्याची पद्धत दिसते. तिने ओल आतच कोंडते व हवा बंद होते. मोटार उंच ओट्यावर बसवून वर छप्पर करावे व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पावसाळाभर बंद राहिलेली मोटार सुरू करण्यापूर्वी वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावी. एक मेगओहमपेक्षा कमी रोध आल्यास ती वाळवावी. तलावाचे क्लोरीन व आम्ल पंपाच्या खोलीत ठेवू नये. त्यांच्या वाफांनी धातू व वायंडिंग दोन्ही खराब होतात.

हे सारे वायरमनचे काम आहे, असे काहींचे म्हणणे पडेल. विजेच्या जोडण्या उघडणे हे परवानाधारक वायरमनचेच काम आहे, यात शंका नाही. परंतु आवाज ऐकणे, करपल्याचा वास ओळखणे, गळती पाहणे आणि बटण बंद करणे हे रोज पंप चालविणाऱ्याचे काम आहे. पाण्यात माणसे उतरतात तेथे तर चांगले अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच नसेल, तर पंप चालूच करू नये. तेथे चुकीची किंमत मोटारीची नसते, जिवाची असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पंपाजवळ एक वही ठेवण्याची सवय लावावी. तारीख, दाब, प्रवाह, आवाज व केलेली दुरुस्ती एवढेच तीत लिहावे. मोटार जळली की दोष बहुधा राखणाऱ्या मजुराच्या माथी येतो. अशी वही त्याची साक्ष देईल आणि मालकासही खरे कारण दाखवील. वायंडिंगच्या एका खर्चापुढे वहीची किंमत ती काय?