पर्म केलेले केस आणि वैद्याचा शब्द

कर्नाळ्याच्या सुळक्याच्या छायेत, मुंबई-गोवा महामार्गालगत वैद्यकी करताना रुग्णांच्या तक्रारी बदलत गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पूर्वी भातलावणीनंतर पायांच्या चिखल्या आणि कंबरदुखी घेऊन रुग्ण येत. आता पनवेल, खारघर, कामोठे येथून तरुण मुली कागदात गुंडाळलेला केसांचा पुंजका घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आईसह आली. साखरपुड्यासाठी तिने कंबरेपर्यंतचे सरळ केस पर्म करून कुरळे करून घेतले होते. चार महिन्यांत त्यांचा काथ्या झाला होता. आईचा एकच आग्रह : "वैद्यराज, काहीही करा, पण केस कापायला सांगू नका." आम्ही तेल दिले, पोटात घेण्याचे औषध दिले आणि "तीन महिन्यांत केस पूर्ववत होतील" असेही सांगून बसलो. ते झाले नाहीत, होणारही नव्हते. दोष तेलाचा नव्हता, आमच्या शब्दाचा होता. त्या शब्दाविषयी व्यवसायबंधूंशी मोकळेपणाने बोलावे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पर्म करताना थायोग्लायकोलेटसारख्या क्षारधर्मी द्रव्याने केसातील गंधकाचे बंध तोडले जातात, केस नळ्यांवर गुंडाळून त्यांना नवा आकार दिला जातो आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडने ते बंध पुन्हा जोडले जातात. सगळे बंध पुन्हा जुळत नाहीत. केसावरील खवल्यांचे आवरण उचकटते, आतील प्रथिन झिजते. त्वचेबाहेर आलेला केस सजीव नसल्याने ही हानी शरीराकडून भरून निघत नाही. आपल्या शास्त्राचे म्हणणे याला धरूनच आहे. चरकाचार्यांनी केश हा अस्थिधातूचा मल मानला असून केशदोषांची गणना अस्थिप्रदोषज विकारांत केली आहे. धातूवर चिकित्सा होते. त्यातून बाहेर पडलेल्या मलाला पुन्हा धातुत्व येत नाही. म्हणून चिकित्सा आहे ती रोमकूपाची आणि उद्या उगवणाऱ्या केसाची, कालच्या टोकाची नव्हे.

यासाठी प्रथम निदान नेमके हवे. रुग्ण "केस गळतात" एवढेच सांगते. गळलेला केस उजेडात धरून पाहावा. मुळाशी पांढरा सूक्ष्म कंद दिसला तर तो केशपात; कंद नसून दोन्ही टोके तुटकी असतील तर तो केशभंग. पर्मनंतर बहुधा भंगच आढळतो, आणि त्यावर खालित्याची चिकित्सा देणे म्हणजे रोग एकीकडे व औषध दुसरीकडे. पात अधिक असेल तर पांडुत्व, आर्तवाचा अतिस्राव, अपुरा आहार यांचा शोध घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. अशा स्त्रीला आधी लोह व आहार, मग तेल. टाळूवर दाह वा व्रण असेल तर तो भरेपर्यंत अभ्यंग करूच नये.

यानंतर काळाचा हिशेब रुग्णापुढे स्पष्ट मांडावा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर वाढतो. मुळापासून खांद्यापर्यंत ३० सेंटिमीटर धरले तर नवा केस खांद्यावर यायला किमान दोन वर्षे, आणि कंबरेपर्यंत यायला पाच ते सहा वर्षे लागतात. दर दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर टोके कापत गेल्यास लांबी फारशी घटत नाही आणि जुना केस क्रमाने निघून जातो. ज्यांची तयारी असेल त्यांनी एकदाच आखूड केस करून मोकळे व्हावे. नव्या-जुन्या केसाचा सांधा सर्वांत दुर्बळ असतो; म्हणून रुंद दातांची फणी, ओले केस न विंचरणे, सैल वेणी आणि पुन्हा कोणतीही रासायनिक प्रक्रिया न करणे, एवढे पथ्य अनिवार्य आहे. स्मूदनिंग करून घेतलेल्या रुग्णेला उलटी वा कंबरदुखी झाली होती का, हेही विचारावे. ग्लायऑक्झिलिक आम्लयुक्त प्रक्रियेनंतर एका तरुणीच्या वृक्कांना तीनदा इजा झाल्याचे वृत्त २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले आहे.

मग तेल निरर्थक आहे काय? मुळीच नाही. खोबरेल केसाच्या आत शिरून धुण्याच्या वेळी होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ साली दाखवले. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या उद्योगातील होते हे ध्यानात ठेवूनही, कोकणातील आजीच्या अनुभवाशी ते जुळते. नीलिभृंगादी तैल खोबरेलातही सिद्ध केले जाते. स्नानापूर्वी तास-दोन तास केलेला शिरोभ्यंग राहिलेल्या केसाला जपतो. पण जपणे वेगळे आणि जोडणे वेगळे.

येथे औषधनिर्मात्या व विक्रेत्या बंधूंना नम्र विनंती आहे. "पर्मने बिघडलेले केस मुळापासून टोकापर्यंत पूर्ववत" असा मजकूर बाटलीवर छापताना हात थांबावा. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा औषधाच्या गुणांविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस मनाई करतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. १८७२ साली ज्या पनवेलमध्ये श्री धूतपापेश्वर औषधी कारखान्याची सुरुवात झाली, त्या परिसरात आयुर्वेदाची पत शब्दावर उभी राहिलेली आहे. लेबलवर "केस तुटणे कमी होण्यास साहाय्यक, बिघडलेला भाग वाढीनुसार कापावा" असे छापणाऱ्याची पहिली बाटली कदाचित कमी खपेल, पण त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येईल.

कच्च्या मालाबाबतही एक शब्द. माका भातखाचरांच्या बांधावर पावसाळ्यात तणासारखा माजतो. तो शेतकऱ्याकडून रास्त दराने घ्यावा. कर्नाळा अभयारण्यातून वनस्पती उपटून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा भंग आहे, आणि माक्यासाठी तर ते अनावश्यकही आहे.

शेवटी त्या मुलीविषयी. तीन महिन्यांनी मायलेकी परत आल्या, तेव्हा आम्ही चूक कबूल केली आणि वर सांगितलेला हिशेब कागदावर मांडून दाखवला. आई गप्प राहिली. मुलगी मात्र म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर तीन महिने आधी कापले असते." त्या आठवड्यातच तिने केस खांद्यापर्यंत आणले. तेव्हापासून अशा रुग्णेला आम्ही तेलाची बाटली देण्यापूर्वी मोजपट्टी दाखवतो. आपणही दाखवावी, असे आमचे मत आहे.