फायब्रोमायल्जिया : तोल मोजता येतो, तर मोजूया

रक्ताचे अहवाल ठीक, क्ष-किरण चित्र निर्दोष, सांध्यांना सूज नाही. आणि तरीही महिनोन्‌महिने सर्वांगात वेदना, न उतरणारा थकवा, झोपूनही न मिळणारी विश्रांती. फायब्रोमायल्जियाची रुग्ण (बहुतांशी या स्त्रियाच असतात) कागदांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवते आणि अखेर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असा निर्वाळा ऐकून परतते. मी भौतिकशास्त्राचा संशोधक आहे, वैद्य नव्हे. परंतु या निर्वाळ्याला माझा आक्षेप आहे तो मोजमापाचाच. जी राशी बदललेलीच नाही ती मोजायची आणि ‘बदल शून्य’ असा निष्कर्ष काढायचा, हे कोणत्याही प्रयोगशाळेत खपणार नाही.

मग काय मोजावे? उभ्या माणसाकडे पाहा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो उलटा लंबक आहे. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर असतो. असा लंबक कलू लागला की तोल जाण्याचा कालमान उंची भागिले गुरुत्वत्वरण यांच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ०.३ सेकंद येतो. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे यांच्याकडून संदेश मेंदूला पोहोचून स्नायूंना प्रत्युत्तर मिळेपर्यंत ०.१ ते ०.२ सेकंद सहज जातात. उसंत एवढीच! म्हणून शरीर प्रत्येक वेळी तोल जाण्याची वाट पाहत बसत नाही. १९९६ साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवले की निरोगी माणूस हात उचलतो, तेव्हा हाताच्या स्नायूंच्याही आधी पोटाचा खोलवरचा स्नायू कामाला लागतो. कंबरदुखीच्या रुग्णांत हीच पूर्वतयारी उशिरा होते.

दुसरी गोष्ट कण्याची. स्नायू काढून टाकलेला कंबरेचा कणा सुमारे ९० न्यूटन भाराखाली, म्हणजे जेमतेम नऊ किलो वजनाखाली वाकून कोसळतो. आपल्या धडाचे वजन त्याच्या कितीतरी पट असते. कणा उभा राहतो तो भोवतीच्या स्नायूंच्या मंद पण अखंड ताणामुळे. येथे एका झटक्यात किती जोर लावता येतो याला फारसे महत्त्व नाही. तो ताण किती वेळ टिकतो याला आहे. ओट्याशी अर्धा तास पोळ्या लाटणाऱ्या किंवा बसमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीला हे सूत्र न शिकताच ठाऊक असते.

फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांची निरोगी व्यक्तींशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत तोलाच्या चाचण्यांतील गुण कमी आणि पडण्याचे प्रमाण व भीती अधिक आढळली आहे. धडाच्या स्नायूंचा टिकावही कमी पडतो, असे दिसते. या चाचण्यांना महागडे यंत्र लागत नाही. एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला किती वेळ लागतो, पालथे झोपून धड खाटेबाहेर आडवे किती काळ धरता येते: एक स्टॉपवॉच आणि सांभाळायला एक माणूस पुरे.

मात्र ‘पोटाचे स्नायू दुबळे म्हणून फायब्रोमायल्जिया होतो’ असा मथळा दिसला तर विद्यार्थ्यांनी तेथेच थांबावे. एकाच वेळी केलेली तुलना कार्यकारणाची दिशा सांगत नाही. वेदनेमुळे हालचाल घटते, त्यामुळे स्नायू थकतात, थकव्याने वेदना वाढते. हे चक्र कोठूनही सुरू होऊ शकते. शिवाय विसाव्या सेकंदाला चाचणी थांबली ती स्नायू थकला म्हणून, वेदना असह्य झाली म्हणून, की पडण्याच्या भीतीने? स्टॉपवॉच तिन्हींना एकच आकडा देते. आकड्याशेजारी थांबण्याचे कारण नोंदवले नाही, तर ते मोजमाप अर्धवटच.

आपल्याकडे हे काम शून्यातून सुरू करायचे नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी कॉपकॉर्ड सर्वेक्षण हाती घेतले. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांनी स्नायू-सांध्यांचे दुखणे सांगितले, आणि त्यांतील अनेकांचे दुखणे संधिवाताच्या कोणत्याही ठरलेल्या चौकटीत बसत नव्हते. कोणी विचारले, म्हणून ते नोंदले गेले. मी राहतो त्या म्हैसुरात वैद्यकीय आणि फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत, आणि श्रवणासोबत अंतर्कर्णाच्या तोलाचाही अभ्यास करणारी अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. तोल तीन इंद्रियांचा असताना रुग्णाने तीन दारे स्वतंत्रपणे का ठोठवावीत? अशा संस्थांनी मिळून तेच रुग्ण दोन-तीन वर्षे पाहावेत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

उपचाराबाबत युरोपीय संधिवात संघटनेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत ठाम शिफारस मिळालेला उपाय एकच आहे, तो म्हणजे व्यायाम. पण व्यायाम हेही औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. म्हैसुरात ‘योग करा’ हा सल्ला वाऱ्यासारखा मिळतो. याच शहरात शिकून १९३७ साली पुण्यास गेलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, दोर यांचा आधार देऊन आसन ज्याच्या-त्याच्या शरीराला जुळवून घेतले. त्यातला विवेक घेण्याजोगा आहे. आज बारा सेकंद टिकणाऱ्या रुग्णाला मिनिटभराचा प्लँक सांगणे म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणाला खिळवणे होय. बाराचे पंधरा होणे हीच तिची प्रगती, आणि ती दिसण्यासाठी आधी बारा मोजलेले असावे लागतात.

वेदना खरी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र या आकड्यांवर टाकू नये. चाचणीत उत्तम गुण मिळवणाऱ्या स्त्रीचीही वेदना तितकीच खरी असते. ‘जरा सहन करायला शीक’ हे तिला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. तिची सहनशक्ती आपण पुरेशी पाहिली. आता तिच्या स्नायूंची मोजूया.