चार गुण कमी पडले तेव्हा

रविवारची संध्याकाळ होती. विहारातला मुलांचा अभ्यासवर्ग नुकताच सुटला होता आणि मी सतरंज्या घडी करून ठेवत होतो. वस्तीतले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. नगरपालिकेत सफाई कामगार आहेत, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी वडील. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. खिशातून पतपेढीच्या कर्जाचा अर्ज काढून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"भाऊ, जामीनदार म्हणून तुमची सही पायजे."

"किती काढताय?"

"दोन लाख."

"घरात काही अडचण?"

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरगी टीईटीला चार मार्कानं गेली. एक जण भेटलाय. तो म्हनतो, पैसं भरा, पुढच्या टायमाला पास करून देतो."

त्यांच्या मुलीला ७९ गुण होते आणि हवे होते ८३. फक्त चार गुण! आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेली लेक उंबरठ्यावर अडली, म्हणून बापाचा जीव तुटत होता. ते मला कळत होते. तरीही मी म्हणालो, "दादा, लग्नकार्याला मागा, दवाखान्याला मागा, सही करतो. या कामाला नाही करणार."

त्यांनी अर्जाची घडी घातली आणि निघून गेले. पुढे दोन महिने ते माझ्या जयभीमला उत्तर देत नव्हते.

बंधू-भगिनींनो, हा माणूस उद्या तुमच्याही दारात येईल. म्हणून मी सही का केली नाही, ते आज सांगतो.

पहिले कारण सरळ आहे. २०१९ सालच्या टीईटीतील गैरव्यवहार २०२१ च्या अखेरीस उघडकीस आला. मोठमोठ्या अधिकाऱ्यांना अटक झाली. २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द करून त्यांना या परीक्षेस बंदी घालण्याचा आदेश निघाला. पैसे घेणाऱ्याचे काय व्हायचे ते होवो, पण पैसे देणाऱ्याच्या मुलीचे सारे आयुष्य त्या यादीत अडकते.

दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते. विकत घेतलेल्या गुणांवर मास्तर झालेला माणूस कोणाच्या मुलांपुढे उभा राहणार? ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले खाजगी इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळेत मोलकरणीची, हमालाची, शेतमजुराची, वीटभट्टीवरच्या माणसाची मुले बसतात. म्हणजे कर्ज आपण काढायचे आणि त्याची भरपाई आपल्याच मुलांनी अडाणी राहून करायची. हा कसला व्यवहार?

आता प्राथमिक शिक्षक व्हायचा सरळ रस्ता कोणता, तो नीट समजून घेऊ. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका असते. पूर्वी तिला डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. ती झाली की शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून होते आणि पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. पहिल्या पेपरात १५० प्रश्न, १५० गुण आणि वेळ अडीच तास. बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकास ३० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, आपल्याला ५५ टक्के, म्हणजे ८३ गुण. पूर्वी हे प्रमाणपत्र सात वर्षे चालायचे. २०२१ च्या निर्णयाने ते आयुष्यभर चालते. तेव्हा एकदा नापास झाली म्हणून मुलीचे शिक्षण वाया गेले, असे कोणी समजू नये.

पण टीईटी म्हणजे नोकरी नव्हे, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते. तिच्यात २०० प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात. ही चाचणी दरवर्षी होईलच असे नाही. २०१७ नंतर ती थेट २०२३ मध्ये झाली आणि पुढची २०२५ मध्ये. तिच्या गुणांवर आणि आरक्षणाच्या बिंदूप्रमाणे पवित्र पोर्टलमार्फत निवड होते. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काम करावे लागते. २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना १६,००० रुपये मानधन मिळते. पूर्ण पगार त्यानंतर. मी कारकून माणूस, म्हणून हिशेब आधी मांडतो. एवढी वर्षे घराला धीर धरायचा आहे, हे माहीत असूनच या वाटेला लागावे.

आणखी दोन गोष्टी. बी.एड. केलेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे. तेव्हा लहान वर्गाला शिकवायचे असेल तर कोणाच्या सांगण्यावरून भलतीकडे फी भरू नका. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकत्रित पदवी ही किमान पात्रता करायचे म्हटले आहे. आज दहावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी प्रवेश घेताना त्या वर्षीचा नियम पाहूनच पाऊल टाकावे.

आता पुन्हा दादांच्या मुलीकडे येतो. बाप बोलत नव्हता, पण एके दिवशी मुलगीच आली. "काका, माझं नेमकं कुठं चुकलं, बघता का?" तिने उत्तरसूचीशी आपली उत्तरे ताडून पाहिली होती. मराठी उत्तम, गणित चांगले, परिसर अभ्यास बरा. पण बालविकास व अध्यापनशास्त्रात ३० पैकी ९! मला नवल वाटले. दोन वर्षे तेच तर शिकली होती. पियाजेने सांगितलेल्या चार अवस्था तिने धडाधड म्हणून दाखवल्या.

मी विचारले, "एक मूल ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहितं. तू काय करशील?"

"चूक म्हणून फुली मारीन आणि दहा वेळा बरोबर लिहून आणायला सांगीन."

"तिथंच तुझे चार मार्क गेले," मी म्हणालो. "रविवारपासून विहारातल्या वर्गाला येत जा. दुसरी-तिसरीची पोरं तुझ्या ताब्यात."

पहिल्या रविवारी ती ओरडून ओरडून दमली. दुसऱ्या रविवारी एका मुलाने खरेच ३५ लिहिले. तिने फुलीसाठी पेन उचलले आणि थांबली. "कसं केलंस, सांग बघू मला." पोरगा म्हणाला, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना ताई?"

पाहा, पोरगा ढ नव्हता. त्याने एक नियम धरला होता आणि तो इमानाने पाळत होता. फक्त नियम चुकीच्या जागी लागला होता. दहा वेळा लिहून त्याची चूक दहा वेळा पक्की झाली असती. पुढच्या रविवारी ती घरून खराट्याच्या काड्या घेऊन आली. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. "यातल्या सत्तावीस मला दे." पोरगा डोके खाजवू लागला. दोनातून सात कशा देणार? मग त्यानेच एक गठ्ठा सोडला. सुट्या झाल्या बारा. त्यातून सात दिल्या, उरल्या पाच. चार गठ्ठ्यांतून दोन दिले, उरले दोन. "ताई, पंचवीस!" तो ओरडला. हातचा म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी कळले. आणि अध्यापनशास्त्र म्हणजे काय, ते तिला कळले.

दुसरा एक प्रसंग. पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "ताई, पानी पायजे." मोठी मुले हसली. मुलीने मान खाली घातली. ताईही तिला 'पानी नाही, पाणी म्हण' असे सुनावणार होती. मी खुणेने थांबवले आणि नंतर तिला माझीच गोष्ट सांगितली. मी दुसरीत असताना असाच बोललो होतो. वर्गावरचे गुरुजी सगळ्यांबरोबर हसले. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. तहान लागली तरी नाही. सातारच्या शाळेत बाबासाहेबांना शिपाई येईपर्यंत तहानलेले राहावे लागे. आज माठ सर्वांना खुला आहे. पण आपल्या बोलीला हसणारा शिक्षक असेल तर मूल माठापर्यंत जाणार कसे? आधी मुलीला पाणी द्यावे, तिचे बोलणे ऐकून घ्यावे, मग पुस्तकात 'ण' कसा लिहितात ते दाखवावे. घरची भाषा ही चूक नव्हे, शिकण्याची ती पहिली पायरी आहे. परीक्षेतही हेच विचारतात आणि वर्गातही हेच लागते.

बाकी तयारीला फार खर्च आला नाही. महागड्या क्लासऐवजी तिने पहिली ते पाचवीची बालभारतीची पुस्तके पहिल्या पानापासून वाचली. ती मोबाईलवरही फुकट मिळतात. मागील वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवले. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे 'का चुकले' हे वहीत लिहिले. रोज सकाळी पाणी भरायच्या आधी दोन तास आणि रात्री भांडी झाल्यावर एक तास. या काळात भावाने पाणी भरायला घेतले, हेही लिहिले पाहिजे. मुलीने अभ्यास करावा असे म्हणायचे आणि घरकाम सगळे तिच्याच माथी ठेवायचे, हा अन्याय आपल्याही घरांत होतो.

सावित्रीबाईंनीसुद्धा नगरला आणि पुण्याला अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. जिद्द त्यांच्याकडे होतीच, पण शिकवायचे कसे हे शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आपण मात्र सरकारी नोकरी म्हणून मास्तरकीकडे पाहतो आणि शिकवणे नंतर पाहू म्हणतो.

पुढच्या टीईटीत मुलीला ९६ गुण मिळाले. त्या रात्री दादा माझ्या घरी आले. पेढ्याचा पुडा ठेवला आणि कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी सही केली असती, तर आज हे पेढे गोड लागले नसते."

मुलीला अजून नोकरी लागलेली नाही. पुढच्या अभियोग्यता चाचणीची ती तयारी करते आहे. पण रविवारचा वर्ग तिने सोडला नाही. आता दादा दर रविवारी खराट्याच्या काड्या सारख्या कापून, दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणून देतात.

तुमच्या वस्तीतही डी.एड. होऊन घरी बसलेली एखादी मुलगी, एखादा मुलगा असेल. त्यांना नुसते 'लागली का नोकरी?' म्हणून टोचू नका. विहाराची किल्ली द्या, फळा द्या, दहा मुले द्या. परीक्षेचे पुढे पाहता येईल, त्या दहा मुलांना तर आजच शिक्षक मिळेल.

पुढील अंकी: प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्राची धावपळ कशी टाळावी.